विश्वाच्या ५० मेगापिक्सेल फोटोतला थंड डाग: बग, योगायोग की आणखी काही?

माझा मावसभाऊ साताऱ्यात बारावीला आहे. मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला त्याने मला एक रील पाठवलं. निळ्या-केशरी ठिपक्यांचा अंडाकृती नकाशा, त्यातल्या एका निळ्या डागाभोवती लाल गोल, मागे घाबरवणारं म्युझिक आणि वर मोठ्या अक्षरांत मजकूर: दुसरं विश्व आपल्या विश्वाला धडकलं, हा घ्या पुरावा! खाली त्याचा मेसेज होता, "दादा, हे खरंय का? की फेक?"

मी "फेक" टाइप केलं आणि पाठवायच्या आधीच खोडलं. कारण तो नकाशा खरा आहे. डागही खरा आहे. धडकेची शक्यतासुद्धा काही शास्त्रज्ञांनी खरंच बोलून दाखवली आहे. खोटा आहे तो फक्त एक शब्द, "पुरावा". आता हे व्हॉट्सॲपवर दोन ओळींत कसं सांगणार? त्याला म्हटलं, रविवारी कॉल करतो. त्या कॉलवर जे बोललो तेच जरा नीट मांडून इथे देतोय.

हा फोटो नक्की कशाचा?

१९६४ साली अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या होल्मडेल इथे बेल लॅब्सचे आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन शिंगाच्या आकाराच्या एका मोठ्या अँटेनावर काम करत होते. अँटेनात एक बारीक खरखर यायची. तोंड आकाशात कुठेही वळवा, दिवस असो की रात्र, खरखर तेवढीच. त्यांनी वायरिंग तपासलं, पत्र्याच्या सांध्यांवर टेप लावली, आत घर केलेली कबुतरं हाकलली, त्यांची घाण साफ केली. खरखर काही जाईना. शेवटी उलगडा झाला की दोष अँटेनात नाहीच, सिग्नलच तसा आहे आणि तो सगळ्या आकाशातून येतोय. १९७८ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

मला या गोष्टीत नोबेलपेक्षा कबुतरं जास्त आवडतात. आधी स्वतःच्या मशीनवर संशय घ्यायचा, मग विश्वावर. हे पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

ती खरखर म्हणजे कॉस्मिक मायक्रोवेव्ह बॅकग्राउंड, थोडक्यात सीएमबी. मराठी पुस्तकांत तिला वैश्विक पार्श्वप्रारण म्हणतात. विश्व अगदी तरुण होतं तेव्हा इतकं तापलेलं होतं की प्रकाश दाट धुक्यात अडकल्यासारखा होता. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी ते धुकं निवळलं आणि प्रकाश मोकळा सुटला. तोच प्रकाश जवळपास १३८० कोटी वर्षं प्रवास करून आज आपल्यापर्यंत पोचतोय. वाटेत विश्व पसरत गेल्यामुळे ताणला जाऊन तो मायक्रोवेव्ह झालाय आणि त्याचं तापमान उरलंय २.७२५ केल्विन, म्हणजे उणे २७० अंश सेल्सिअसच्या आसपास. लहानपणी टीव्हीचं चॅनेल गेल्यावर ज्या मुंग्या यायच्या, त्यातला साधारण एक टक्का हाच होता. (ज्यांनी मुंग्या पाहिल्या नाहीत त्यांनी आईबाबांना विचारा.)

हे तापमान सगळीकडे जवळजवळ सारखं आहे. जवळजवळच. एका दिशेहून दुसऱ्या दिशेत साधारण एक लाखात एक भाग एवढा फरक पडतो. १०० मीटर खोल तलावावर एक मिलिमीटरच्या लहरी याव्यात, तेवढा. नकाशात निळे आणि केशरी ठिपके दिसतात ते या लहरींचे. पुढे याच लहरींतून आकाशगंगा घडल्या, आपणही.

या लहरी पहिल्यांदा दाखवल्या कोबी उपग्रहाने, १९९२ साली. मग २००१ मध्ये नासाचा डब्ल्यूमॅप गेला आणि २००९ मध्ये युरोपचा प्लँक. प्लँकच्या पूर्ण आकाशाच्या नकाशात ५ कोटी ३ लाख ३१ हजार ६४८ पिक्सेल आहेत. तुमच्या फोनचा मेन कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा असेल, तर अख्ख्या विश्वाचा हा सगळ्यात जुना फोटो आणि तुमचा काल रात्रीच्या मिसळीचा फोटो, दोन्हींत पिक्सेल साधारण सारखेच.

इक्वलायझरमध्ये बेस कमी का?

आता मुद्द्याचं. आपला आजचा सिद्धांत, म्हणजे विश्वाचं स्टँडर्ड मॉडेल, अमुक जागी निळा डाग असेल असं कधीच सांगत नाही. ते सांगतं की ठिपके रँडम आहेत, फक्त त्यांचं गणित ठरलेलं आहे: किती मोठे ठिपके किती ठळक असतील. आणि हे गणित आकाशाच्या प्रत्येक दिशेत एकच असलं पाहिजे. विश्वात कुठलीही जागा खास नाही, कुठलीही दिशा खास नाही, हे सगळ्या विश्वशास्त्राचं जोतं आहे. ते हललं तर वरचं बरंच काही हलेल.

म्युझिक ॲपमधला इक्वलायझर आठवा. बेस, मिड, ट्रेबल असे स्लायडर असतात ना? सीएमबीचंही तसंच करता येतं. आकाशभर पसरलेले अवाढव्य आकार म्हणजे बेस, बारीक ठिपके म्हणजे ट्रेबल. स्टँडर्ड मॉडेलमध्ये फक्त ६ सेटिंग्ज आहेत. ती एकदा बसवली की मिड आणि ट्रेबलचे शेकडो स्लायडर प्लँकच्या मोजमापाशी इतके अचूक जुळतात की मी पहिल्यांदा तो ग्राफ पाहिला तेव्हा मला वाटलं, हा कुणीतरी हाताने काढलाय.

गडबड बेसमध्ये आहे. सगळ्यात मोठ्या आकाराचा, म्हणजे क्वाड्रपोलचा आवाज अपेक्षेच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपासच भरतो. आकाशात ६० अंशांपेक्षा लांब असलेले दोन बिंदू घेतले, तर त्यांच्या तापमानांत थोडंफार नातं असायला हवं. प्रत्यक्षात जवळपास शून्य. (हात लांब करून वीत पसरली की साधारण २० अंश होतात. तीन वितींपलीकडे विश्व एकदम गप्प.) मॉडेल बरोबर असेल तर इतकी शांतता योगायोगाने मिळण्याची शक्यता हजारात तीनपेक्षा कमी येते.

मग दिसलं की पहिले दोन मोठे आकार, क्वाड्रपोल आणि ऑक्टोपोल, एकाच रेषेत लागलेत. दोन भिंगऱ्या हवेत भिरकावल्या आणि दोन्हींचे दांडे एकाच दिशेला आले, असं काहीसं. २००५ मध्ये केट लँड आणि जुआंव मागेइजू यांनी याला गमतीने 'ॲक्सिस ऑफ ईव्हिल' म्हटलं, बुश यांच्या गाजलेल्या भाषणातला शब्द उचलून. त्याहून विचित्र म्हणजे हा अक्ष आपल्या सूर्यमालेच्या पातळीशी नातं दाखवतो. १३८० कोटी वर्षं जुन्या प्रकाशाला पृथ्वी सूर्याभोवती कशी फिरते याच्याशी काय देणंघेणं?

२००४ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. आकाशाच्या एका अर्ध्या भागातले चढउतार दुसऱ्या अर्ध्यापेक्षा थोडे जास्त ठळक आहेत, सुमारे सात टक्के. आणि त्याच वर्षी सापडला रीलमधला तो डाग, कोल्ड स्पॉट. एरिडॅनस तारकासमूहात, साधारण दहा अंश रुंद, म्हणजे वीस पौर्णिमेचे चंद्र ओळीने ठेवले तर जेवढी जागा होईल तेवढा. त्या आकाराच्या ठिपक्यांत एका अंशाच्या काही दशलक्षांशांचे चढउतार असतात, साधारण १८ मायक्रोकेल्विन. हा डाग सरासरी ७० मायक्रोकेल्विनने थंड आहे.

आधी कबुतरं हाकला

सॉफ्टवेअरवाला म्हणून माझा पहिला प्रश्न: बग आहे का?

हे तुम्ही घरी करून बघा. फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड लावा, शटर दहा सेकंदांचं ठेवा, लेन्सवर बोट दाबा आणि फोटो काढा. काळ्या फोटोत झूम केलं की रंगीत ठिपके दिसतील. आता फोन फिरवून परत काढा. काही ठिपके फ्रेममध्ये त्याच जागी येतील. ते तुमच्या सेन्सरचे. खरं आकाश फोनबरोबर फिरत नाही.

याच युक्तीची एक भारी गोष्ट आहे, आणि तिचा एक धागा पुण्यात आहे. २००३ मध्ये आयुकामध्ये तरुण सौरदीप आणि त्यांचे विद्यार्थी आमीर हाजियान यांनी एक गणिती साधन मांडलं, बायपोलर पॉवर स्पेक्ट्रम. सीएमबीचं गणित सगळ्या दिशांना सारखं आहे का, हे तपासायची ती एक पद्धतशीर टेस्ट आहे. (आयुकाचे संस्थापक जयंत नारळीकर स्वतः महास्फोट सिद्धांताचे टीकाकार होते. त्यांच्याच संस्थेत त्या सिद्धांताच्या पायाची चाचणी घेणारं हत्यार तयार झालं, हे मला फार आवडतं.)

डब्ल्यूमॅपच्या डेटावर अशा चाचण्या लावल्या तेव्हा दणदणीत गडबड दिसली. एका विश्लेषणात तर नऊ सिग्मा. सिग्मा म्हणजे योगायोग किती अवघड आहे याचं माप. हिग्ज बोसॉन सापडला असं जाहीर करायला पाच सिग्मा पुरले होते. म्हणजे नऊ सिग्मावर विश्वाला दिशा आहे असं जाहीर करून मोकळं व्हायचं का?

नाही केलं कुणी. कारण त्या गडबडीची दिशा क्रांतिवृत्ताच्या ध्रुवाकडे होती. सूर्य वर्षभर आकाशात ज्या वाटेने फिरताना दिसतो ते क्रांतिवृत्त, आणि डब्ल्यूमॅप आकाश स्कॅन करायचा तेही त्याच वाटेच्या हिशोबाने. म्हणजे ठिपका फोनबरोबर फिरत होता! खोदकाम केल्यावर कारण मिळालं. दुर्बिणीची नजर पूर्ण गोल नव्हती, जरा लांबट होती. क्रांतिवृत्ताच्या ध्रुवाजवळच्या जागा ती सगळ्या बाजूंनी बघायची, तर क्रांतिवृत्तावरच्या जागा ठरावीक बाजूंनीच. त्यामुळे ठिपके वेगवेगळ्या जागी वेगळ्या प्रकारे फरफटले. आयुकाच्या गटानेही हे गणित करून दाखवलं. डब्ल्यूमॅपच्या नऊ वर्षांच्या डेटात नजरेचा हा लांबटपणा दुरुस्त केला आणि नऊ सिग्मा गायब झाले.

म्हणून कोणी "नऊ सिग्मा" म्हटलं की मी आता आधी विचारतो, मशीन कुठल्या बाजूला तोंड करून उभं होतं?

बरं, मग बाकीच्यांचं काय? शांत बेस, एका रेषेतले आकार, अर्धं आकाश ठळक आणि कोल्ड स्पॉट. प्लँकचे सेन्सर वेगळ्या तंत्राचे, काही तर ०.१ केल्विनपर्यंत थंड केलेले. डब्ल्यूमॅप ५ फ्रिक्वेन्सींवर बघायचा, प्लँक ९ वर. २०१३ मध्ये प्लँकचे निकाल आले आणि हे चारही त्यात होतेच. म्हणजे एका मशीनचा बग म्हणून हे फाइल बंद करता येत नाही.

माझी एक चूक

इथे एक कबुली देतो. आधीच्या नोकरीत मी एका पेमेंट ॲपचा डॅशबोर्ड बघायचो. एकदा मला दिसलं की एका विशिष्ट फोन मॉडेलवर, रात्री नऊनंतर, व्यवहार फेल होण्याचं प्रमाण जास्त आहे. मी चार्ट केला, मीटिंगमध्ये दाखवला, योगायोगाची शक्यता दोन टक्के आहे असं ठासून सांगितलं. आम्ही दोघंजण दोन आठवडे त्यामागे लागलो. पुढच्या महिन्याचा डेटा आला आणि तो प्रकार नाहीसा झाला.

आकडा खोटा नव्हता. पण मी मीटिंगमध्ये एक गोष्ट सांगितलीच नव्हती: तो चार्ट सापडायच्या आधी मी डेटा मॉडेलनुसार, शहरानुसार, वारानुसार, तासानुसार कापून बघितला होता, आणि जिथे काही दिसलं नाही ते चार्ट गुपचूप बंद केले होते. हिशोब सोपा आहे. पाच टक्क्यांची कसोटी लावून २० वेगवेगळ्या गोष्टी तपासल्या, तर काहीच खरं नसताना किमान एक तरी "सापडण्याची" शक्यता ६४ टक्के असते.

सीएमबीचंही नेमकं हेच दुखणं आहे. आकाशात दहा अंशांचा थंड डाग असेल का, असं आधी विचारून कुणी बघितलं नव्हतं. बघितलं, विचित्र दिसलं, मग त्याची शक्यता काढली. डब्ल्यूमॅपच्या टीमने सात वर्षांच्या डेटावरच्या लेखात याचं झकास उदाहरण दिलंय. त्यांच्या नकाशात 'एस' आणि 'एच' अशी इंग्रजी अक्षरं दिसतात, स्टीफन हॉकिंग यांची आद्याक्षरं! अक्षरं सारख्या आकाराची, एका ओळीत, वाकडी नाहीत. हे योगायोगाने घडण्याची शक्यता काढलीत तर भयानक लहान येईल. पण हॉकिंगनी विश्वावर सही केली असं आपण म्हणत नाही.

शफलवर लागोपाठ तीन गाणी एकाच गायकाची आली की आपल्याला शफल बिघडलंय असं वाटतं, तसंच हे. खऱ्या रँडममध्ये घोळके असतातच.

मग नवीन डेटा आणून तपासा, असं तुम्ही म्हणाल. मला पुढचा महिना मिळाला, त्यामुळे माझी चूक उघडी पडली. विश्वाला पुढचा महिना नाही. कोबी, डब्ल्यूमॅप, प्लँक या तिघांनी एकाच आकाशाचे फोटो काढले, आणि एकच फासा तीनदा मोजला म्हणून तो तीनदा टाकला असं होत नाही. त्यात बेसची अडचण आणखी वेगळी. नकाशात पाच कोटी पिक्सेल असले तरी क्वाड्रपोलचं वर्णन करायला एकूण आकडे लागतात ५. ऑक्टोपोलला ७. बस. म्हणजे विश्वातल्या सगळ्यात मोठ्या आकाराबद्दलचा निष्कर्ष हा पाच युजरवर केलेली ए-बी टेस्ट आहे. नुसत्या नशिबाने त्याचं उत्तर ६३ टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. उद्या कितीही महागडी दुर्बीण पाठवा, पाचाचे सहा होणार नाहीत.

मग रील खरं की खोटं?

कोल्ड स्पॉटचं साधं स्पष्टीकरण शोधायचे प्रयत्न झालेत. २०१५ मध्ये हवाई विद्यापीठातल्या इश्तवान सापुदी यांच्या गटाला त्या दिशेला, सुमारे ३०० कोटी प्रकाशवर्षांवर, एक प्रचंड विरळ प्रदेश सापडला. अशा पोकळीतून जाणाऱ्या प्रकाशाला जणू टेकडी चढावी लागते. विश्वाचं पसरणं वेगाने वाढत असल्यामुळे तो पलीकडे उतरेपर्यंत टेकडीच थोडी खचते, आणि चढताना घालवलेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही. म्हणून तो जरा थंड होऊन बाहेर पडतो. २०२१ मध्ये डार्क एनर्जी सर्व्हेच्या नकाशांतही ही पोकळी दिसली. पण हिशोब केला तर ती डागाच्या थंडपणाचा छोटासाच भाग समजावते.

मधल्या काळात, २०१७ मध्ये, इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठाच्या गटाने म्हटलं की पोकळीने काम भागत नाही. मग कदाचित हा नुसता योगायोग असेल, आणि तोही नसेल तर काही अजब शक्यता उरतात, त्यातली एक दुसऱ्या विश्वाशी टक्कर. बातम्यांनी वाक्याचा पहिला अर्धा भाग गाळला. त्या रीलचा जन्म तिथला.

माझं मत विचाराल तर कोल्ड स्पॉट हा नशिबाचा खेळ असावा. त्याच्यासाठी मी झोप घालवणार नाही. ६० अंशांपलीकडच्या शांततेचं मात्र मला तसं म्हणवत नाही. ती नव्वदच्या दशकात कोबीच्या डेटातच दिसली होती, आणि त्यासाठी नकाशात विशिष्ट आकार हुडकत बसावं लागत नाही. ती खरी निघाली तर विश्वाच्या अगदी सुरुवातीच्या क्षणांबद्दलची आपली गोष्ट बदलावी लागेल.

यातून एक वाट आहे. सीएमबीच्या प्रकाशाला तापमानाशिवाय दुसरीही एक बाजू आहे, पोलरायझेशन. म्हणजे त्याच्या लहरी कुठल्या दिशेत डोलतात. पोलराइज्ड गॉगल लावून फोनची स्क्रीन बघितली आणि फोन आडवा-उभा केला की स्क्रीन काळी पडते ना, तेच. पोलरायझेशनचा काही भाग तापमानापासून स्वतंत्र असतो, म्हणजे तो थोड्या अंशाने नवा फासा आहे. आणि इथे शास्त्रज्ञ एक प्रामाणिक गोष्ट करू शकतात: काय दिसलं पाहिजे हे डेटा यायच्या आधीच लिहून ठेवायचं. प्लँकच्या २०१८ च्या पोलरायझेशन डेटात ठोस काही दिसलं नाही, पण मोठ्या आकारांसाठी त्यात नॉइज फार होता. जपानची लाइटबर्ड मोहीम नेमकी या कामाची आहे. आपल्याकडे सीएमबी-भारत नावाचा गट आहे, त्यांनी इस्रोपुढे अशाच उपग्रहाचा प्रस्ताव ठेवला आहे.

रविवारच्या कॉलवर मी स्क्रीन शेअर केली आणि पायथनमधल्या हीलपाय लायब्ररीने स्टँडर्ड मॉडेलची सेटिंग्ज टाकून खोटी आकाशं बनवली. पूर्ण रँडम, कुठलीही टक्कर नाही, कुठलाही अक्ष नाही. मावसभावाला म्हटलं, यात काही विचित्र दिसतंय का बघ. पहिल्यात त्याला मांजर सापडली. दुसऱ्यात एक भला मोठा निळा डाग. तिसऱ्यात, त्याच्या म्हणण्यानुसार, त्याच्या फिजिक्सच्या सरांचं टक्कल.

तुम्हालाही करायचं असेल तर प्लँकचे नकाशे युरोपियन स्पेस एजन्सीच्या प्लँक लेगसी आर्काइव्हवर फुकट आहेत. फाइल मोठी असते, मोबाइल डेटावर डाउनलोड करू नका. आणि कोल्ड स्पॉटची जागा बघायची असेल तर हिवाळ्यात रात्री मृग नक्षत्र शोधा, तिथून पश्चिमेला दीडेक वीत आणि दक्षिणेला साधारण एक वीत सरका. डोळ्यांना तिथे काहीच दिसणार नाही.